दाराकडे पाठ

चहाच्या दुकानात शिरल्यावर वडील तिच्या पुढे गेले, कोपऱ्यातल्या टेबलापाशी थांबले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. तिने पर्स टेबलावर ठेवली. खुर्ची ओढायला हात लावला तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की उरलेली खुर्ची दाराकडे बघणारी आहे. ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून तशीच उभी राहिली. "बाबा, तुम्ही इकडे येता का?" तिने विचारलं. "का? या खुर्चीला काय झालंय?" ते म्हणाले, आणि कोटाचं बटण काढून ऐसपैस टेकले. मग तीही बसली. समोर दार होतं, दाराबाहेर रस्ता, रस्त्यापलीकडे सभागृह, आणि सभागृहाच्या दर्शनी भिंतीवर वडिलांचाच दोन मजली फोटो. हे सगळं आज तिच्या वाट्याला आलं होतं. तिला एकदम उघड्यावर बसल्यासारखं वाटलं.

तिला कळायला लागल्यापासून वडील दाराकडे पाठ करून बसलेले तिने पाहिले नव्हते. घरातल्या जेवणाच्या टेबलाची एक बाजू त्यांची होती. ती मानाची होती म्हणून नव्हे. तिथून पुढचं दार आणि स्वयंपाकघराचं दार दोन्ही दिसायची म्हणून. नातेवाइकांकडे गेलं की ते आधी उभ्याउभ्या खोली बघून घ्यायचे आणि मग नेमके यजमानांच्या खुर्चीत जाऊन बसायचे. दाताच्या डॉक्टरने एकदा त्यांची खुर्ची फिरवायचा प्रयत्न केला, तेव्हा "दात इकडूनही दिसेल" असं म्हणून त्यांनी डॉक्टरलाच फिरायला लावलं होतं. आई म्हणायची, "आमचा लग्नातला फोटो बघा. मी यांच्याकडे बघतेय, आणि हे बघतायत फोटोग्राफरच्या मागे कोण आलं ते." आणि ते खरंच होतं, फोटोतल्या तरण्या, सडसडीत माणसाची नजर चौकटीबाहेर कुठेतरी उजवीकडे लागलेली होती. ते शहराचे पोलीसप्रमुख झाले तेव्हा फाटकाशी दोन पहारेकरी आले. त्या रात्री आई म्हणाली, "आता तरी जेवताना ताटात बघा, साहेब. बाहेर दोघं उभे आहेत." ते शांतपणे म्हणाले, "त्या दोघांवर कोण लक्ष ठेवणार?" आई त्यांना साहेब म्हणायची ते फक्त टोमणा मारायचा असला की. एरवी नुसतं 'अहो'. त्यांची ही मुलगी इमारतींचे नकाशे काढायची, आणि तिच्या कागदावर पहिली रेघ पडायची ती दाराची. ऑफिसातला भागीदार म्हणायचा, हिच्या घरांत माणसं राहत नाहीत, पाळत ठेवतात. तिने हसून सोडून दिलं होतं. पण भाड्याच्या प्रत्येक घरात, नवऱ्याबरोबरच्या आणि नंतर एकटीच्या, तिची खुर्ची कुठे होती हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं.

चहा आला. वडिलांनी बशीच्या कडेवरून बोटं फिरवत नेली, कान शोधला, कप उचलला. तिच्याकडे बघत म्हणाले, "साखर कमी आहे. चांगलं आहे." तिच्याकडे म्हणजे तिच्या उजव्या कानाजवळून पलीकडे. आता पलीकडे दार नव्हतं. तिने मागे वळून पाहिलं. ओल येऊन फुगलेला रंग, एक खिळा, खिळ्याला काही नाही. दार गेलं तरी नजर खांद्यावरून पलीकडे जायची ती जातेच, असं तिच्या मनात आलं आणि तिला राग आला. पण तो जुनाच राग होता, घडी घालून ठेवलेला. शाळेतले मार्क, पहिली नोकरी, घटस्फोट, सगळं तिने या माणसाला त्याची नजर स्वतःच्या कानाजवळून जात असताना सांगितलेलं होतं. "मी ऐकतोय," ते म्हणायचे, आणि ऐकतही असायचे. महिन्याभराने तिचंच वाक्य जसंच्या तसं तिला परत देऊ शकायचे. चौदा-पंधरा वर्षांची असताना एकदा ती जेवताना मुद्दाम सरकून त्यांच्या आणि दाराच्या मध्ये आली. त्यांनी मान जराशी कलती केली आणि बोलणं चालू ठेवलं. ती पुन्हा सरकली. त्यांनी पुन्हा मान कलती केली. आई म्हणाली, "अगं, तू खिडकी नाहीस, पण त्यांना तुझ्यातून आरपार दिसायला हवं." तिघंही हसली होती. तिचं हसणं मात्र थोडं उशिरा आलं होतं.

त्याची भरपाई म्हणून म्हणा, किंवा त्यांच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं म्हणून, त्यांनी तिला एक खेळ दिला होता. कुठूनही बाहेर पडून गाडीत बसलं, की ते पुढे बघत नुसतं म्हणायचे, "वर्णन." मग तिने सांगायचं: दाराजवळ कोण होतं, काउंटरशी कोण होतं. खेळाचे नियम कडक होते. छान, गोड, भयंकर असले शब्द चालायचे नाहीत. नाव माहीत असलं तरी सांगायचं नाही. आणि सुरुवात खालून. "खालून वर. बूट आधी," ते म्हणायचे. "मिशी काढता येते, केस रंगवता येतात, चष्मा बदलता येतो. घाईतला माणूस बूट बदलत नाही. आणि चाल तर त्याला स्वतःलाच माहीत नसते, तो बदलणार काय?" सगळ्या खात्यात बोललं जायचं की साहेब चेहरा विसरत नाहीत. घरात तिघांना माहीत होतं की साहेब चेहऱ्यापर्यंत फारसे पोचतच नाहीत. एका रविवारी बागेत आइस्क्रीम खाताना ते मध्येच उठले, "इथेच थांब" म्हणाले, आणि समोरून कुत्रा फिरवत चाललेल्या एका दाढीवाल्या गृहस्थाच्या कोपराला त्यांनी हात लावला. दोघं बोलत बोलत परत आले आणि बाकावर बसले. गाडी येईपर्यंत तो गृहस्थ तिला कुत्र्याच्या खोड्या सांगत होता. तिजोऱ्या उघडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता आणि सगळं खातं वर्षभर त्याच्या मागे होतं, हे तिला नंतर कळलं. "जहाजावर काम केलेला माणूस," वडील आईला सांगत होते, "जमिनीवरही पाय फाकवून चालतो. दाढी काय करेल?" कुत्रा त्याची शिक्षा संपेपर्यंत त्यांच्याकडे राहिला. शिक्षा संपल्यावर तो घरी आला, आईने त्याला चहा दिला, आणि कुत्रा आधी तिच्याकडे आणि मग त्याच्याकडे बघत त्याच्याबरोबर गेला.

असा माणूस आज भिंतीकडे तोंड करून बसला होता. तिने कपावर बोटं गुंडाळली आणि एकेक गोष्ट आठवायला सुरुवात केली, जी गेले काही महिने ती आठवायची टाळत होती. पेपर वाचायचं त्यांनी सोडलं होतं. "तूच वाच, तुझा आवाज बरा आहे," म्हणायचे. शेजारच्या बाईंना त्यांनी जिन्यात ओळख दिली नव्हती. बाई मग तिला म्हणाल्या, "मोठ्या माणसांचं असंच असतं." गेल्या महिन्यात तिने खोलीतला दिवा बंद केला तर अर्धं वाक्य सोडून गप्प झाले. हे सगळं तिने आधी पाहिलेलं होतं. त्यांचे मोठे भाऊ, तिचे काका, गावभर गप्पा मारणारा माणूस, एक दिवस स्वतःच्याच घराच्या बैठकीत येऊन नम्रपणे म्हणाले होते, "मी बसू का?" सगळ्यांना ती चेष्टा वाटली. काकूसुद्धा "बसा की, पाहुणे" म्हणाली. त्या वाक्यापासून ते काकूला ताई म्हणायला लागेपर्यंत फार दिवस गेले नाहीत. सुरुवात अशीच होते, ती स्वतःला सांगत होती. एवढीशी जागा बदलते. जन्मभर एका बाजूला बसलेला माणूस दुसऱ्या बाजूला बसतो.

आणि नेमकं आजच. रस्त्यापलीकडे सभागृहात त्यांचा सत्कार होता. प्रशिक्षण शाळेच्या नव्या इमारतीला त्यांचं नाव देणार होते, भाषणं होणार होती, ते ठीक होतं. पण आताच्या पोलीसप्रमुखांनी तिला आठवड्यापूर्वी फोन करून आणखी एक बेत सांगितला होता. ते कधीकाळी वडिलांच्या हाताखाली नवे आले तेव्हा इतके काटकुळे होते की वडिलांनी त्यांना बारक्या नाव ठेवलं. आता कमरपट्ट्याला शेवटचं भोक पुरत नव्हतं तरी वडिलांसाठी ते बारक्याच होते. "ताई, सरांना सांगायचं नाही हं," ते म्हणाले होते. "जुनी माणसं गोळा केलीत. एकेक जण मागच्या दारातून येणार, मधल्या वाटेने चालत स्टेजवर जाणार, आणि सर ओळखणार. निवेदन नाही, नाव नाही, काही नाही. नव्या पोरांना बघू दे, साहेब चेहरा विसरत नाहीत म्हणजे काय." तेव्हा तिला कल्पना आवडली होती. आता ती मधली वाट तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तीनशे माणसांसमोर कोणीतरी हसत वडिलांपुढे येऊन उभं राहणार, आणि वडील नम्रपणे विचारणार, आपण कोण?

"हात धुऊन येते," असं सांगून ती दाराशेजारच्या बोळकांडीत गेली आणि तिने बारक्यांना फोन लावला. मागे खुर्च्या सरकवल्याचे, माईक तपासल्याचे आवाज येत होते. "तो ओळखण्याचा भाग राहू दे," ती म्हणाली. "का हो? सर दमलेत का?" "दमले नाहीत." "मग? ताई, माणसं येऊन बसलीत. एक बाई तर दोन गाड्या बदलून आल्यात, गुडघ्याने अधू." सांगायचं तर एक शब्द उच्चारायला हवा होता, आणि तो तिने अजून स्वतःशीही उच्चारला नव्हता. एकदा बोलला की तो घरात येऊन बसणार होता, काकूच्या घरात बसला तसा. "ताई, तुम्हाला भाषणाची धाकधूक आहे," बारक्या समजुतीने म्हणाले. "तुमचं भाषण आम्ही शेवटी ठेवलंय, घाबरू नका." ती म्हणाली, "बरं." फोन ठेवल्यावर तिने खरोखरच हात धुतले.

परत येताना तिला वडील मागून दिसले. मागून त्यांना तिने असं निवांत कधी पाहिलं नव्हतं. त्यांची पाठ ही घरात न दिसणारी गोष्ट होती. कॉलरच्या वर मानेला दोन खोल सुरकुत्या होत्या. पाठ बघितली आणि मान आपोआप दाराबाहेरच्या त्या फोटोकडे वळली, कारण त्यातही पाठच होती. बाटल्यांच्या कारखान्याचं फाटक, फाटकाबाहेर कामगारांची गच्च गर्दी, आणि गर्दीकडे पाठ करून उभे असलेले वडील. डावीकडे कडेला वायरलेसचा संच काखेत मारलेला एक शिपाई अर्धा कापला गेलेला. तो फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांनी छापला. खाली लिहिलं होतं, जनतेवर विश्वास ठेवणारा अधिकारी. आज भाषणांतही तेच येणार होतं. त्या संध्याकाळी मात्र घरी, आईने पेपर आपटून विचारलं होतं, "जन्मभर दाराकडे पाठ करत नाही, आणि हजार माणसांकडे केलीत? काही झालं असतं म्हणजे?" वडिलांनी तोंडातला घास संपवला. "जिकडे धोका तिकडे तोंड," ते म्हणाले. "धोका माझ्या माणसांकडून होता. काठ्या उगारायचा हुकूम मीच दिला होता. दिल्यावर कळलं की गर्दीच्या पुढच्या रांगेत बायका आहेत." मग त्यांनी सांगितलं की वायरलेसवर बोलताना चुकलं तर माणसाने "दुरुस्ती" म्हणायचं आणि सगळं पहिल्यापासून बोलायचं, शिपाई असो नाहीतर प्रमुख. आपल्या माणसांकडे तोंड करून ते संचात म्हणाले होते: दुरुस्ती. काठ्या खाली. मी चुकीचा हुकूम दिला, काठ्या खाली. शहरातल्या सगळ्या गाड्यांत, सगळ्या चौक्यांत ते ऐकू गेलं. "वेगळ्या शब्दांत नसतं का सांगता आलं?" आईने विचारलं. "सगळ्यांदेखत दिला होता ना," ते म्हणाले. संच धरणारा तो शिपाई बोलायला लागला की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं, म्हणून त्याला भोंगा म्हणत. त्याचं पोर बाटलीत होतं, कारखान्याच्या आवारातल्या दवाखान्यात, अशी आईची एक आवडती कहाणी होती. बाटलीत म्हणजे काचेच्या पेटीत, अपुऱ्या दिवसांचं. भोंग्याचा अर्धा जीव फाटकाच्या आत होता आणि तो संच धरून बाहेर उभा होता.

जिकडे धोका तिकडे तोंड. ती खुर्चीत बसली आणि त्या वाक्याची नवी बाजू तिला टोचली. आज ते तिच्याकडे तोंड करून बसले होते. मग धोका माझ्याकडून आहे का? "झालं बारक्याशी बोलून?" वडिलांनी विचारलं. ती काही बोलायच्या आत म्हणाले, "तो माझ्यापुढे माणसं उभी करणार. त्याला हे मीच शिकवलंय, आधी सांगायचं नाही म्हणून." "नको म्हणू का त्यांना?" "कशाला? लोक आलेत." त्यांनी कप खाली ठेवला, तो बशीच्या कडेवर टेकला, त्यांनी तो सरळ केला. "फक्त स्टेजवर तू माझ्या उजव्या हाताला बस." "तिथे प्रमुख बसतात, बाबा." "प्रमुख डाव्या हाताला मावेल. त्याला सांग, मावला नाही तर दोन खुर्च्या घे." आणि तिच्या कानाजवळून पलीकडे बघत ते स्वतःशीच हसले.

सभागृहात नव्या रंगाचा वास होता. पुढच्या रांगांत गणवेशातली नवी मुलंमुली ताठ बसली होती, मागे जुनी माणसं, साध्या कपड्यांत, आणि तरी कोण कुठल्या हुद्द्यावर होतं ते कोण कुणाला जागा देत होतं त्यावरून कळत होतं. स्टेज दाराच्या बरोबर समोर होतं. भाषणं झाली, फाटकाचा फोटो तीन वेळा निघाला, जनतेवरचा विश्वास चार वेळा. वडील हात मांडीवर ठेवून ऐकत होते. ती दर वेळी त्यांच्याकडे बघे आणि तिला काकांचं ते नम्र, पाहुण्यासारखं बसणं दिसे. मग बारक्या उठले, बेत सांगितला, हशा झाला, आणि मागचं दार उघडलं.

एक बाई आत आल्या. सगळ्या सभागृहाने माना वळवल्या आणि मग परत स्टेजकडे फिरवल्या. वडिलांनी मान किंचित कलती केली. बाई मधल्या वाटेने पुढे येत होत्या. वडील गप्प. कोणीतरी खोकलं. बारक्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं पण त्यातला जीव कमी व्हायला लागला. तिने खुर्चीचा हात धरला. आणि तेव्हा, ओठ न हलवता, ते फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "वर्णन."

ती किती वर्षांनी तो शब्द ऐकत होती. काही कळायच्या आत तिच्या तोंडून खालच्या आवाजात शब्द यायला लागले होते. "सपाट चपला. काळ्या. उजवा गुडघा वाकत नाही, पाय अर्धगोल फिरवून टाकतात. पाठ सरळ. उजवा हात खांद्याच्या वर जातोय, परत खाली येतोय, सवयीने." "शिट्टी," वडील मोठ्याने म्हणाले. "वाहतुकीतली आमची पहिली बाई. ट्रकवाल्याला थांब म्हणाली, आणि तो थांबला नाही म्हणून स्वतःही हलली नाही. गुडघा अजून दुखतो का गं?" "थंडीत, साहेब," बाई म्हणाल्या, आणि सभागृह दणाणून जाईल असा टाळ्यांचा आवाज झाला. त्या आवाजात ती वडिलांकडे वळून बघत राहिली. नाव आलं होतं. ट्रक आला होता, गुडघा आला होता, सगळं जागच्या जागी होतं. गेलेलं होतं ते दुसरंच काही. बशीवरून फिरलेली बोटं, जिन्यातल्या बाई, बंद केलेला दिवा, सगळ्या गोष्टी एकदम आपापल्या ठिकाणी जाऊन बसल्या, आणि ज्या शब्दाला ती भीत होती तो आलाच नाही. त्याच्या जागी दुसरा आला, तोही वाईट, पण तिला हसू फुटलं. "पुढे बघ," वडील म्हणाले. "दार."

दारातून एक म्हातारा येत होता. "कॅनव्हासचे बूट," ती म्हणाली, "पाय फाकवून, डुलत," आणि तिला स्वतःला कोण ते कळलं, पण नाव सांगायचं नाही हा नियम होता. वडिलांनी पुढचं ऐकून घेतलंच नाही. "कुत्र्याचं काय झालं हो शेवटी?" त्यांनी विचारलं. "म्हातारं होऊन गेलं, साहेब. शेवटपर्यंत तुमच्या घराच्या वळणावर थांबायचं," म्हातारा म्हणाला. बारक्या माईकवर म्हणाले की हे गृहस्थ आता आपल्या शाळेत तिजोऱ्यांवर व्याख्यान देतात, आणि नव्या मुलांना हसावं की नाही ते समजेना. तिला मजा यायला लागली होती. गाडीत वडिलांच्या शेजारी बसून शहर खालून वर बघणारी मुलगी तिच्यात जागी झाली होती. तिचं लक्ष इतकं दाराकडे लागलं, की तिला वडिलांबद्दलची भीतीच राहिली नाही.

तिसरा माणूस लवकर लवकर आला. "तपकिरी बूट, नवे. उजवं पाऊल बाहेर टाकतो. डावा हात अंगाला चिकटवून, काखेत काहीतरी धरल्यासारखा. डावा खांदा त्यामुळे..." ती कमरेच्या थोडी वर पोचली होती, तेवढ्यात वडील उभे राहिले. त्यांचा आवाज आधीच्या दोन वेळांपेक्षा वेगळा होता, सैल, आनंदाने भरलेला. "भोंग्या," ते म्हणाले, "तू इतका गप्प कसा आलास रे?" कोणी टाळी वाजवली नाही. तिने नजर वर नेली. चेहरा तिशी-चाळिशीतल्या माणसाचा होता. तो पायरीशी थांबला होता. "साहेब, मी त्यांचा मुलगा," तो म्हणाला. "बाबा हिवाळ्यात गेले. मरताना म्हणाले, कधी बोलावलं तर तू जा."

बारक्या खाली बघत होते. पुढच्या रांगेतली एक मुलगी शेजारणीच्या कानात काहीतरी म्हणाली, आणि ते काय असेल हे स्टेजवरून कळत होतं: म्हातारा झाला. वडील उभेच होते. तिने त्यांचा हात धरायला हात पुढे केला, त्यांनी तो बाजूला सारला, माईकची दांडी चाचपली, आणि ती सापडल्यावर म्हणाले, "दुरुस्ती."

मागच्या रांगांतली जुनी माणसं एकदम सरळ झाली. नव्यांना काही कळलं नाही.

"दुरुस्ती," ते पुन्हा म्हणाले. "मी चुकीचं नाव घेतलं. हे भोंग्याचे चिरंजीव. काचेच्या पेटीतले. मला चेहरा दिसत नाही. वर्ष झालं. आज इथे आलेल्या माणसांना माझ्या मुलीने पाहिलं, तिने मला सांगितलं, मी फक्त नावं घेतली. भोंगा गेल्याचं मला कोणी कळवलं नव्हतं." ते थांबले. आणखी काही बोलतील असं वाटलं, पण सांगायचं तेवढं सांगून झालं होतं, म्हणून ते बसले. भोंग्याच्या मुलाला काय करावं ते सुचेना. तो पायरी चढून आला आणि त्याने वडिलांच्या हातात हात दिला, आणि वडिलांनी दुसऱ्या हाताने त्याचा डावा खांदा चाचपून बघितला, किती खाली आहे तो. मागे एक खुर्ची वाजली. कोणीतरी उभं राहून, वायरलेसवर बोलतात तसं सपाट आवाजात म्हणालं, "बंदर चौकी, सर. मागची रांग, उजवीकडे." वडिलांनी कान तिकडे केला आणि मान हलवली. मग दुसरी खुर्ची. "गाडीवरचा ड्रायव्हर, सर. तुम्ही मला घाट्या म्हणायचा." "रेल्वे फाटक." "नियंत्रण कक्ष, रात्रपाळी." एकेक जण उठत होता, जागा सांगत होता आणि उभाच राहत होता. तिचं भाषण राहून गेलं, त्याची कोणाला आठवण झाली नाही.

बाहेर आल्यावर वडील म्हणाले, "मघाचा चहा गार होता." ते पुन्हा त्याच दुकानात गेले. या वेळी त्यांनी तिच्या कोपराला हात लावला होता, आणि टेबलापाशी येताच तो सोडून भिंतीकडे तोंड असलेली खुर्ची घेतली. "मला का नाही सांगितलंत?" तिने विचारलं. "सांगणार होतो. तू फार लक्ष ठेवतेस माणसावर." "ते कुणी शिकवलं?" "म्हणून तर." दुकानदाराने दिवे लावले. "दारातून येणाऱ्याचा चेहरा मला दिसत नाही," ते म्हणाले. "मग ती जागा मी कशाला अडवू? ज्याला दिसतं त्याने बसावं." तिला गप्प बसवेना. "पण मग आताही तुम्ही माझ्या मागेच बघताय, बाबा. मागे नुसती भिंत आहे." त्यांनी कप खाली ठेवला, या वेळी बरोबर बशीत. "डॉक्टर म्हणाला मधला भाग गेलाय, कडा शाबूत आहेत," ते म्हणाले. "तुझ्याकडे बघितलं की तू नसतेस. तुझ्या कानाकडे बघितलं की तू असतेस."

दारातून कोणीतरी आत आलं, ओले बूट, लांब ढांगा. तिने ते पाहिलं आणि सांगितलं नाही. वडील तिच्या कानाजवळून पलीकडे बघत होते, ओल आलेल्या भिंतीकडे, खिळ्याकडे. ती मान सरळ ठेवून बसून राहिली, जराही न हलता, फोटो काढताना बसतात तशी.